छावणीतला पोरसवदा साहेब

गेल्या वर्षीची गोष्ट. सातवीच्या वर्गात पाणचक्की आणि मलिक अंबर ह्यांच्याविषयी बोलत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, आपल्या गावात राहून कुणी इंग्रजीत कादंबरी लिहिली आहे का हो?”

प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. मुलांना तास टाळायचा असला की असे प्रश्न सुचतात, हे मी जाणतो. तरी त्या दिवशी मी खडू खाली ठेवला. कारण ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मनात कित्येक वर्षे घोळत होते. मी म्हणालो, “गावात राहून लिहिली असे म्हणता यायचे नाही. पण एका इंग्रज कादंबरीकाराची नोकरी, त्याची भाषा आणि त्याचे हिंदुस्थानातले आयुष्य आपल्या ह्या गावात सुरू झाले. तो इथे आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. तुझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा.”

वर्ग एकदम शांत झाला. मग त्याच मुलाने दुसरा प्रश्न विचारला, “त्याचे शिक्षण किती झाले होते?”

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. त्यामुळे हा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा अधिक जवळचा वाटला. त्या दिवशी तासाच्या उरलेल्या वीस मिनिटांत जे सांगता आले ते सांगितले. उरलेले आज ह्या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.

त्या साहेबाचे नाव फिलिप मेडोज टेलर. जन्म लिव्हरपूलचा, २५ सप्टेंबर १८०८. बाप व्यापारी, आई मिटफर्ड नावाच्या जुन्या खानदानी घराण्यातली. पण खानदानाने चूल पेटत नाही. बापाच्या धंद्याची घडी विसकटली होती, घरात मुले बरीच, आणि फिलिप सर्वांत थोरला. थोरल्या मुलाच्या नशिबी काय येते हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ज्या वयात श्रीमंतांची मुले मोठ्या शाळांतून लॅटिन घोकीत होती, त्या वयात हा पोरगा एका व्यापारी पेढीवर कारकुनी करू लागला. कॉलेजचे तोंड त्याने पाहिले नाही. शाळासुद्धा धड पुरी झाली नाही.

त्या काळी इंग्लंडातल्या कर्जबाजारी घराला एक उपाय ठाऊक होता: मुलाला हिंदुस्थानात धाडायचे. मुंबईला बॅक्स्टर नावाचा एक इंग्रज व्यापारी होता. त्याला पेढीवर हुशार मुलगा हवा होता, आणि मुलगा वयात आल्यावर भागीदारी देण्याची आशाही त्याने दाखविली होती. आई-बापांनी विश्वास ठेवला. १८२४ सालच्या १ सप्टेंबरला फिलिप मुंबईच्या बंदरात उतरला. सोळावे पूर्ण व्हायला अजून तीन आठवडे होते.

उतरल्यावर जे दिसले ते निराळेच. मोठी पेढी म्हणून जिचा बोलबाला होता ती बुडत्या जहाजासारखी कलली होती. बॅक्स्टर स्वतःच कर्जात गळ्यापर्यंत रुतलेला. भागीदारी तर दूरच, नोकरीचाही भरवसा राहिला नव्हता. सातासमुद्रापलीकडून आलेल्या, खिशात पैसा नसलेल्या, मिसरूडही न फुटलेल्या त्या पोराच्या मनाची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पना करताना मला आपल्याकडची मुले आठवतात. एजंटाच्या शब्दावर आखाती देशांत जाणारी, आणि तिथल्या विमानतळावर उतरल्यावर आपल्याला घ्यायला कोणीच आलेले नाही हे पाहून उभी राहणारी.

टेलरचे नशीब इतके खरे की आईच्या नात्यातले न्यूनहॅम नावाचे एक गृहस्थ मुंबई सरकारात मुख्य सेक्रेटरीच्या हुद्द्यावर होते. मुंबईचा गव्हर्नर तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. न्यूनहॅमनी पोराची गत पाहिली आणि त्याला निजामाच्या फौजेत अधिकाऱ्याची जागा मिळवून दिली. पलटण कुठली? औरंगाबादची. १८२४ सालीच, दिवाळी मागे पडते न पडते तोच, नोव्हेंबरमध्ये, हा पोरसवदा साहेब आमच्या छावणीत दाखल झाला.

आज ज्या गावाला आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो ते तेव्हा कसे होते? मलिक अंबराने १६१० साली खडकी म्हणून वसविलेले, औरंगजेबाने स्वतःचे नाव दिलेले हे शहर. बादशहा १७०७ साली गेला आणि खुलदाबादला मातीत निजला. १७६३ साली निजामाने राजधानी हैदराबादला नेली. राजधानी उठली की शहराची जी कळा होते तीच ह्या शहराची झाली होती. बावन्न दरवाज्यांच्या कोटाआड ओस पडलेल्या हवेल्या, पडकी कारंजी, आणि ह्या सगळ्यावर अजूनही दिमाखाने उभा असलेला बीबीच्या मकबऱ्याचा पांढरा घुमट. पेशवाई बुडून अवघी सहा वर्षे झाली होती. आगगाडी गावात यायला अजून पाऊण शतक अवकाश होता. रात्री छावणीतल्या बंगलीत दिवा लावून बसलेल्या ह्या मुलाला चहूकडून कोल्हेकुई ऐकू येत असेल, आणि मधूनच मराठी, दखनी, फारसी अशा तीन-तीन भाषांतले बोलणे. त्यांतली एकही त्याला येत नव्हती.

इथे त्याने जे केले त्यामुळे मला त्याच्याविषयी आदर वाटतो. पलटणीतले बहुतेक साहेब हुकूम देण्यापुरती हिंदुस्थानी शिकत आणि संध्याकाळ पत्त्यांत आणि मद्यात घालवीत. टेलरने मुन्शी ठेवला. हिंदुस्थानी शिकला, फारसीकडे वळला, पुढे मराठीतही रयतेचे म्हणणे समजून घेऊ लागला. भाषांचा जाणकार म्हणून पलटणीत त्याचे नाव झाले आणि दुभाष्याचे कामही त्याच्याकडे आले. जो मुलगा घरच्या गरिबीने शाळेबाहेर पडला, त्याने परक्या मुलखात स्वतःची शाळा स्वतःच उघडली. जमिनीची मोजणी, कायदा, भूगर्भाचे ज्ञान, चित्रकला, जुन्या इमारतींचा अभ्यास हे सारे त्याने पुढे असेच, नोकरी करता करता, स्वतःच्या हिमतीवर मिळविले.

वाचकांस एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल. निजामाच्या नोकरीतला इंग्रज आणि कंपनी सरकारच्या नोकरीतला इंग्रज ह्यांत मोठे अंतर होते. कंपनीचा अधिकारी म्हणजे जणू कायम झालेला मास्तर, आणि निजामाचा म्हणजे बदलीवर घेतलेला. काम तेच, पण मान, बढती, पेन्शन ह्यांत दुजाभाव. टेलरला हा काच जन्मभर सोसावा लागला. त्याच्याहून कमी जाणणारी माणसे केवळ कंपनीच्या यादीत नाव आहे म्हणून त्याच्या डोक्यावर बसत. मला वाटते, ह्या काचामुळेच तो साहेबांच्या बैठकीपेक्षा कचेरीबाहेर ताटकळणाऱ्या लोकांत अधिक रमला.

लवकरच त्याला पोलिसाचे काम मिळाले. निजामाच्या मुलखातल्या नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत तो पोलीस सुपरिंटेंडेंटचा मदतनीस झाला. वय वीसही नव्हते. घोड्यावरून गावोगाव हिंडायचे, पाटील-कुलकर्ण्यांच्या तक्रारी ऐकायच्या, दरोडेखोरांचा माग काढायचा. ह्या हिंडण्यात त्याच्या कानावर विचित्र बातम्या येऊ लागल्या. अमक्या रस्त्याने निघालेला वाटसरू तमक्या गावी पोचलाच नाही. अमक्या माळावर उकरले तर प्रेते निघाली, अंगावर जखम नाही, गळ्यावर मात्र फासाची खूण. ह्यामागे काहीतरी एकसूत्री कारस्थान आहे असा त्याला वास लागला. पण तपास तडीस जाण्याआधीच त्याला परत पलटणीत बोलावण्यात आले. पुढे मध्य हिंदुस्थानात स्लीमन साहेबाने ठगांचे ते जाळे उघडकीला आणले आणि सारी कीर्ती त्याच्या पदरात पडली. आणखी थोडी मुदत मिळती तर तो मान आपला होता, ही रुखरुख टेलरने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रातही बोलून दाखविली आहे.

पण नियतीचा हिशेब निराळा असतो. स्लीमनला कीर्ती मिळाली, टेलरला कथा मिळाली.

मधल्या काळात त्याचे लग्न झाले. मुलगी मेरी पामर, हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर ह्यांची कन्या. हे पामर प्रकरण मोठे मनोरंजक आहे. विल्यमचा बाप इंग्रज जनरल आणि आई फैजबक्श बेगम, दिल्लीकडच्या मुसलमान खानदानातली. पामरांच्या पेढीने निजाम सरकारला अफाट कर्ज दिले होते. रेसिडेंट मेटकाफने त्या व्यवहारावर हत्यार उपसले आणि १८२४ साली, म्हणजे टेलर मुंबईला उतरला त्याच वर्षी, पेढी बुडाली. मुंबईची बुडती पेढी सोडून आलेल्या मुलाने हैदराबादच्या बुडालेल्या पेढीची मुलगी केली! पण ह्या योगायोगापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की टेलरच्या घरात, त्याच्या बायकोच्या रक्तात, हिंदुस्थान होता. त्याच्या मुलांची पणजी बेगम होती. हिंदू-मुसलमान कुटुंबांच्या माजघराचे चित्र त्याच्या कादंबऱ्यांत इतर साहेबांच्या लिखाणापेक्षा जिवंत उतरते. ह्याचे एक कारण हे घर असावे असे मला वाटते.

आता ठगांकडे वळू. १८३० नंतर निजामाच्या मुलखातही ठगांची धरपकड जोरात सुरू झाली. माफीचे साक्षीदार झालेले ठग कबुलीजबाब देऊ लागले. ते लिहून घ्यायला भाषा जाणणारा अधिकारी हवा होता, आणि टेलर आपण होऊन पुढे आला. दिवसच्या दिवस तो त्या माणसांसमोर बसून ऐकत असे. वाटसरूशी सलगी कशी करायची, मुक्कामाची जागा कशी निवडायची, खड्डा आधीच कसा खणून ठेवायचा, इशारत कशी द्यायची, रुमालाचा फास कसा टाकायचा, हे सारे ती माणसे अगदी शांतपणे, जणू शेतीचे काम सांगावे तशी सांगत.

१८३३ साली ठगांवरचा त्याचा एक लेख लंडनच्या एका मासिकात आला. त्या मासिकाशी संबंध असलेला नामांकित कादंबरीकार बुलवर लिटन ह्याने तो वाचला आणि त्याला कळविले, की ह्या विषयाची अशी माहिती माझ्यापाशी असती तर मी त्यावर कादंबरी लिहिली असती, तुम्हीच का लिहीत नाही? नवख्या लेखकाच्या आयुष्यात अशा एका पत्राचे मोल काय असते, हे ज्याने कधी संपादकाच्या उत्तराची वाट पाहिली आहे त्यालाच कळेल. पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित पाठविल्यावर मी तीन महिने रोज टपालवाल्याची वाट पाहत असे. टेलरला तर टपाल यायलाच कित्येक महिने लागत.

पुढे रजेवर तो इंग्लंडला गेला, आणि १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, म्हणजे एका ठगाचा कबुलीजबाब, तीन खंडांत लंडनला प्रसिद्ध झाली. लेखकाचे वय तीस. पुस्तक तडाख्याने खपले. गादीवर येऊन दोनच वर्षे झालेल्या व्हिक्टोरिया राणीने ते छापून पुरे होण्याचीही वाट पाहिली नाही. मुद्रिते तपासून होतील तशी आपल्याकडे पाठवावीत, असे तिने सांगितले. लिव्हरपूलच्या पेढीवरचा कारकून पोरगा एकदम लंडनच्या दिवाणखान्यांत पोचला.

कादंबरी आहे तरी कशी? सारी कथा अमीर अली नावाचा ठग स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि एक साहेब ती ऐकून घेतो. अमीर अलीच्या आईबापांना ठगांनीच मारलेले. त्यांच्यापैकी एकाने त्या पोराला पोसून आपला मुलगा केले आणि आपली विद्याही दिली. पुढे हाच अमीर अली अजाणता आपल्या सख्ख्या बहिणीचा गळा आवळतो, आणि ते त्याला नंतर कळते. कादंबरीकार म्हणून मला ह्यात खरी करामत दिसते ती अशी: टेलरने खुन्याला बोलू दिले. मध्ये मध्ये शिकवण देण्याचा मोह त्याने पुष्कळसा आवरला. वाचता वाचता वाचक अमीर अलीच्या बाजूला सरकतो आणि मग एकदम दचकतो, की अरे, आपण कोणाच्या सुखदुःखात रमलो आहोत! १८३९ साली असे लिहिणे सोपे नव्हते.

परंतु वाचकहो, इथेच मला थोडे थांबावेसे वाटते.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत टेलरने १८३१ ते १८३७ ह्या काळातल्या ठगांचा हिशेब दिला आहे. त्यात ४१२ जणांना फाशी झाली, आणि ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. समोर फाशीचा दोर लोंबतो आहे, आणि साहेबाला हवी तशी हकीकत सांगितली तर गळा सुटतो आहे. अशा वेळी माणूस खरे किती सांगेल आणि साहेबाला आवडेल ते किती? अलीकडच्या इतिहाससंशोधकांनी हाच प्रश्न विचारला आहे. वाटमारी होत होती, गळे आवळले जात होते, ह्यात शंका नाही. पण साऱ्या हिंदुस्थानभर पसरलेला, देवीच्या नावाने खून करणारा एकच एक पंथ होता, हे चित्र कितपत खरे आणि कितपत कचेरीत घडविलेले? ज्यांच्यावर कथा उभी राहिली त्यांच्यापैकी एकानेही ती स्वतःच्या हाताने लिहिली नाही.

आणि ह्या कथेचे परिणाम पुस्तकापुरते राहिले नाहीत. १८३६ च्या कायद्याने केवळ ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप देता येऊ लागली, मग त्याने स्वतः काही केले असो वा नसो. माणसाच्या करणीऐवजी त्याच्या गोतावळ्याला शिक्षा देण्याची ही वाट पुढे रुंदावत गेली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या कित्येक जातीजमाती पोलिसांच्या हजेरीत अडकल्या. त्या तारेच्या कुंपणातून त्या सुटल्या त्या १९५२ साली. म्हणून आपण त्यांना विमुक्त म्हणतो. टेलरला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने आपल्या समजुतीप्रमाणे प्रामाणिकपणे लिहिले. पण ‘हे लोक जन्मानेच असे’ ही कल्पना लंडनच्या वाचकाच्या मनात रुजविण्यात त्याच्या गोष्टीचा हात होता, हे त्याच्या चाहत्यानेही नाकारू नये.

ह्याचे उत्तर मराठीने दिले, ही मला अभिमानाची गोष्ट वाटते. १९८० साली लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ आले, १९८७ साली आमच्या मराठवाड्याच्याच लातूरकडचे लक्ष्मण गायकवाड ह्यांचे ‘उचल्या’. दोघांनाही साहित्य अकादमीचा सन्मान मिळाला. दीडशे वर्षांपूर्वी साहेब लिहीत होता आणि बेडीतला माणूस बोलत होता. आता बोलणाराही तोच आणि लिहिणाराही तोच. ‘कबुलीजबाब’ संपला आणि आत्मकथा सुरू झाली.

टेलरच्या पुढल्या आयुष्याची हकीकत थोडक्यात सांगतो. १८४० साली टिपू सुलतानावर त्याची दुसरी कादंबरी आली, आणि त्याच सालापासून तो लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राला हिंदुस्थानातून बातमीपत्रे धाडू लागला. परत आल्यावर त्याला शोरापूर संस्थानाचा कारभार मिळाला. हे संस्थान आज कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात सुरपूर ह्या नावाने ओळखले जाते. राजा वेंकटप्पा नायक अज्ञान बालक होता. टेलरने १८५३ पर्यंत तिथे तलाव बांधले, सारा बसविला, आणि त्या मुलाला वाढविले. मुलगा त्याला ‘अप्पा’ म्हणत असे. रयत ‘महादेव बाबा’ म्हणत असे.

मग आले १८५७. आमच्या गावात जून महिन्यात घोडदळाने बंड केले. जनरल वुडबर्नने ते मोडले, आणि आज ज्याला आपण क्रांती चौक म्हणतो तिथल्या काळ्या चबुतऱ्यापाशी बंडवाल्यांना देहान्त शिक्षा झाल्या. ज्या छावणीत टेलर पोरवयात आला तिचीच ही फौज. तो तेव्हा नळदुर्गाहून वऱ्हाडात बुलढाण्याला गेला होता आणि फौजेचे पाठबळ फारसे नसताना त्याने तो मुलूख शांत ठेवला. पण १८५८ च्या आरंभी शोरापूरचा तरुण राजा बंडात उतरला. पकडला गेला. टेलर त्याला कैदेत भेटला. शिक्षा सौम्य होऊन चार वर्षांच्या कैदेवर आली, पण कैदेत नेत असता वाटेतच पिस्तुलाची गोळी लागून तो गेला. ज्याने ‘अप्पा’ म्हणून हाक मारली त्याच्याच सरकारने बेडी घातली. टेलरने ही गोष्ट मोठ्या कळवळ्याने लिहिली आहे. मात्र सरकारचे चुकले असे त्याने म्हटले नाही. प्रेम आणि सत्ता एकाच हातात असली की शेवटी कोणता हात पुढे येतो, हे ह्यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार?

१८६० साली तो नोकरी सोडून मायदेशी गेला आणि डब्लिनजवळ राहिला. नळदुर्गच्या किल्ल्यात तो चार वर्षे राहिला होता. पाणीमहालावरून कोसळणारे बोरी नदीचे पाणी आणि तुळजापूरच्या यात्रेचे लोंढे त्याच्या डोळ्यांपुढून गेले नव्हते. त्यांतूनच १८६३ साली ‘तारा’ आली: १६५७ सालच्या सुमाराची, तुळजापूरच्या शास्त्र्याच्या बालविधवा मुलीची कथा, जिच्यात अफझलखान आहे आणि शिवाजी महाराजही आहेत. मराठीतली ‘मोचनगड’ पुस्तकरूपाने आली १८७१ साली. म्हणजे शिवकालावरची कादंबरी आधी इंग्रजीत लिहिली गेली आणि नंतर मराठीत! आणि नवल इथेच संपत नाही. १८९० साली हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ पत्र काढले आणि त्यातून ऐतिहासिक कादंबरीला हात घातला, तेव्हा त्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ टेलरच्या टिपूवरच्या कादंबरीच्या आधारानेच उभी राहिली. त्यांचा ‘उष:काल’ पुढचा. हरिभाऊंनी साहेबाकडून साचा घेतला आणि लवकरच त्यात आपल्या घरची माणसे बसविली. ज्यांची पुस्तके वाचून आम्ही लेखक झालो, त्यांच्या पायरीखालचा एक दगड असा औरंगाबादच्या छावणीतून आलेला आहे.

शेवटी डोळे अधू झाले. १८७५ साली सालारजंगांच्या निमंत्रणावरून टेलर पुन्हा हैदराबादला आला, पण प्रकृतीने दगा दिला. परतीच्या वाटेवर फ्रान्समधल्या मेंतों गावी १३ मे १८७६ रोजी तो वारला. दुसऱ्या वर्षी त्याचे आत्मचरित्र त्याच्या मुलीने, ॲलिसने, छापून काढले. चांदबिबीवरची त्याची शेवटची कादंबरी १८७८ साली, तो गेल्यावर, प्रसिद्ध झाली.

वर्गातल्या त्या मुलाला मी काय उत्तर दिले ते सांगायचे राहिले. “त्याचे शिक्षण किती झाले होते?” मी म्हणालो, “शाळेतले फार थोडे. पण तो ऐकायला शिकला होता.”

घंटा झाली. मुले पांगली. तो मुलगा मात्र टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “सर, पण त्या ठगाला लिहिता येत असते, तर त्याने हेच लिहिले असते का?”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. जो प्रश्न सुचायला विद्वानांना दीडशे वर्षे लागली, तो ह्या पोराला वीस मिनिटांत सुचला होता. उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी एवढेच म्हटले, “तू लिहून बघ.”

परवा छावणीवरून जाताना पुन्हा आठवण झाली. संध्याकाळ होत होती, घरोघर आकाशकंदील लागले होते, लांबवर मकबऱ्याचा घुमट धूसर दिसत होता. दोनशे वर्षांपूर्वी असाच दिवाळीनंतरच्या थंडीत एक पोरगा इथे उतरला आणि त्याने आमच्या लोकांच्या गोष्टी कान देऊन ऐकल्या. त्याने त्या त्याच्या भाषेत, त्याच्या सरकारच्या चष्म्यातून लिहिल्या. ऐकण्याबद्दल त्याचे ऋण मानावे. चष्म्याचे नंबर मात्र आपले आपण तपासून घ्यावेत.

त्या मुलाने दिवाळीच्या सुटीत एक वही घातली आहे, असे त्याची आई परवा बाजारात भेटली तेव्हा सांगत होती. वहीत काय आहे ते तो कुणाला दाखवीत नाही.